तेजोलेखातल्या रिकाम्या जागा

सरठ तारकासमूहातल्या एका अंधुक ठिपक्याचे तेज कमी-जास्त होते, अशी नोंद जर्मन खगोलनिरीक्षक कुनो होफमाइस्टर यांनी १९२९ साली केली. काचपट्ट्यांवर टिपलेले आकाश एकमेकांशी ताडून पाहायचे आणि ज्यांचे तेज स्थिर नाही असे तारे वेचून काढायचे, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. या ठिपक्याला रूपविकारी ताऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे ‘बीएल लॅसर्टी’ हे नाव मिळाले, सूचीत जागा मिळाली आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षे तो तारा म्हणूनच नांदला. १९६८ मध्ये जॉन श्मिट यांनी दाखवून दिले की नेमक्या त्याच जागी एक रेडिओ स्रोतही आहे. मग मोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या. तो तारा नव्हताच. आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी पलीकडे, कोट्यवधी प्रकाशवर्षांवर असलेल्या एका दीर्घिकेचे ते केंद्र होते.

बदल आधी दिसला आणि बदलणारी वस्तू कोणती हे मागाहून कळले, असा उलटा क्रम या विषयात पुन्हा पुन्हा भेटतो. सक्रिय दीर्घिकांची केंद्रे इतकी दूर आणि इतकी लहान आहेत की मोजके अपवाद सोडले तर कोणत्याही दुर्बिणीला त्यांचा नुसता ठिपकाच दिसतो. त्या ठिपक्याला विचारता येण्याजोगे प्रश्न मुख्यतः दोन: तुझ्या प्रकाशात कोणकोणते रंग आहेत, आणि तो प्रकाश काल किती होता, आज किती आहे? हे पुस्तक दुसऱ्या प्रश्नाचे आहे. तेजाची तारीखवार नोंद आलेखावर मांडली की तेजोलेख तयार होतो. तेजोलेखाबद्दल लिहिणारे त्यातल्या बिंदूंविषयी भरभरून लिहितात. माझ्या मते बिंदूंच्या मधल्या रिकाम्या जागांकडे अधिक पाहायला हवे. ढगांनी खाल्लेल्या रात्री, पावसाळा, सूर्याच्या फार जवळ गेलेला तारकासमूह, दुसऱ्या कुणाला दिलेली दुर्बिणीची वेळ, आटलेला निधी. या क्षेत्रातले बरेचसे मोठे वाद अशा जागांमध्येच जन्मले आहेत.

वस्तूची ओळख थोडक्यात करून देतो, कारण पुस्तकात ती सविस्तर आहे. १९४३ मध्ये कार्ल सेफर्ट यांनी सहा दीर्घिकांच्या केंद्रांमधून येणाऱ्या वर्णरेषा विलक्षण रुंद असल्याचे दाखवले. याचा अर्थ तिथला वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने धावत होता. आज आपण मानतो ते चित्र असे: केंद्रात सूर्याच्या लाखो ते अब्जावधी पट वस्तुमानाचे कृष्णविवर, त्याभोवती आत आत सरकत तापत जाणाऱ्या वायूची तबकडी, तिच्या बाहेर वेगाने फिरणारे वायूचे ढग, आणि काही दीर्घिकांत तबकडीच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ प्रकाशवेगाने फेकले जाणारे झोत. झोताचा रोख आपल्याकडे असेल तर त्या केंद्राला ब्लेझार म्हणतात. बीएल लॅसर्टी हा त्यांतलाच.

हे चित्र जमवायला तेजबदलांची मदत पहिल्यापासून झाली. मार्टेन श्मिट यांनी १९६३ मध्ये ‘३सी २७३’ या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या स्रोताची ताम्रसृती, म्हणजे प्रकाश तांबड्या बाजूला सरकण्याचे, अंतर सुचवणारे प्रमाण, ०.१५८ असल्याचे ओळखले. इतक्या दूर असूनही तो तेराव्या प्रतीचा दिसतो, तेव्हा त्याचे खरे तेज आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिकेच्या शंभरपटीच्या घरात असले पाहिजे. ही बातमी ताजी असतानाच हार्लन स्मिथ आणि डॉरिट हॉफलाइट हार्वर्डच्या काचपट्ट्यांकडे वळले. त्या संग्रहात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचे आकाश साठवलेले होते. अशा स्रोतांना पुढे मिळालेला ‘क्वेसार’ हा शब्दही नव्हता तेव्हा, केवळ शिरस्ता म्हणून कुणीतरी टिपलेल्या त्या पट्ट्यांवर ३सी २७३ निमूटपणे उमटलेला होता, आणि त्याचे तेज बदलत होते. वर्षांच्या हिशेबाने बदलत होतेच, काही वेळा त्याहूनही झटपट.

शंभर दीर्घिकांइतका प्रकाश देणारी वस्तू काही महिन्यांत मंद-तेज होते, याचा अर्थ काय? आषाढीच्या वाटेवर कोसभर लांबीच्या पालखी सोहळ्यात पुढचा वीणेकरी थांबला तरी मागच्या टोकाची मंडळी चालतच असतात; थांबण्याची खबर त्यांच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. आख्खा सोहळा एका मिनिटात थांबला असे कुणी सांगितले, तर तो फार लांब नव्हता एवढे आपण न पाहताही सांगू शकतो. विश्वात खबर प्रकाशापेक्षा वेगाने जात नाही. म्हणून आठवड्याभरात स्पष्टपणे बदलणारी वस्तू साधारण एका प्रकाश-आठवड्यापेक्षा मोठी असू शकत नाही. प्रकाश एका दिवसात सुमारे २,५९० कोटी किलोमीटर जातो. एक लाख प्रकाशवर्षे रुंदीच्या दीर्घिकेला लाजवणारा उजेड सूर्यमालेच्या मापाने मोजता येईल अशा जागेतून येत होता. ताऱ्यांच्या पोटातल्या अणुसंमीलनाला हे पेलणारे नव्हते. कृष्णविवरात पडणाऱ्या वायूपासून ही ऊर्जा मिळत असावी, हे साल्पीटर आणि झेल्डोविच यांनी १९६४ मध्येच सुचवले होते. डोनाल्ड लिंडन-बेल यांनी १९६९ मध्ये ते सर्व दीर्घिकांच्या केंद्रांपर्यंत नेले.

मराठी वाचकाला इथे एक ओळखीचे नाव भेटेल. तेजबदलाच्या याच युक्तिवादावरून १९६६ मध्ये फ्रेड हॉइल, जेफ्री बर्बिज आणि वॉलेस सार्जंट यांनी क्वेसार खरोखर इतके दूर आहेत का, असा प्रश्न उभा केला. इतका प्रकाश इतक्या चिमुकल्या जागेत कोंबला तर त्यातले वेगवान इलेक्ट्रॉन प्रकाशकणांवर आपटून आपली ऊर्जा क्षणात गमावतील आणि रेडिओ स्रोत विझेल, असा त्यांचा आक्षेप होता. हॉइल यांचे शिष्य जयंत नारळीकर यांनाही ताम्रसृतीचा प्रचलित अर्थ सर्वच क्वेसारांना लागू पडतो याबद्दल दीर्घकाळ शंका होती. आक्षेप पोकळ नव्हता. त्याचे उत्तर त्याच वर्षी मार्टिन रीस यांनी दिले: स्रोत आपल्या दिशेने प्रकाशवेगाच्या जवळपास सरकत असेल तर तो आहे त्यापेक्षा तेजस्वी भासतो आणि त्याचे बदल आहेत त्यापेक्षा जलद भासतात. असे स्रोत आकाशात प्रकाशाहून वेगाने सरकताना दिसतील, हा त्यातून निघणारा चमत्कारिक निष्कर्ष. १९७१ मध्ये ‘३सी २७९’ या क्वेसारात एकमेकींपासून खूप दूर असलेल्या पण जोडून वापरलेल्या रेडिओ दुर्बिणींना नेमके तसे दिसले. पुढे नारळीकर आणि अजित केंभावी या पुण्याच्या आयुकातल्या दोघांनी मिळून क्वेसार व सक्रिय केंद्रकांवर लिहिलेले इंग्रजी पाठ्यपुस्तक १९९९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने काढले. ज्या सिद्धान्ताशी मतभेद आहे तो विद्यार्थ्यांना पूर्ण ताकदीनिशी शिकवायचा, हा दिलदारपणा मला त्यात फार आवडतो.

रीस यांच्या कल्पनेची सर्वांत कडक परीक्षा २८ जुलै २००६ च्या रात्री झाली. नामिबियातल्या ‘हेस’ दुर्बिणी गॅमा किरणांमुळे वातावरणात उमटणाऱ्या निळसर लखलखाटाचा वेध घेतात. त्या रात्री ‘पीकेएस २१५५-३०४’ हा ब्लेझार नेहमीच्या कैकपट भडकला आणि त्याचे तेज दोनशेएक सेकंदांत चढू-उतरू लागले. तिथल्या कृष्णविवराचे वस्तुमान शंभर कोटी सूर्यांइतके धरले तर त्याची नुसती त्रिज्या ओलांडायला प्रकाशाला पावणेतीन तास लागतात. तीन मिनिटांतला बदल त्या विवराच्या मापाशी जुळवायचा तर झोताचा वेग प्रकाशवेगाच्या इतका जवळ मानावा लागतो की सिद्धान्तकार आजही अवघडतात. झोतात आणखी लहान, आणखी वेगवान झोत असतील का, चुंबकीय क्षेत्राच्या रेषा तुटून पुन्हा जुळताना हे घडते का, असे पर्याय चर्चेत आहेत. एकाही पर्यायावर पैज लावायची माझी तयारी नाही.

ब्लेझारांचा भडका नाट्यमय असतो म्हणून त्यांचीच चर्चा जास्त होते. मला या विषयातले सर्वांत सुंदर काम सेफर्ट दीर्घिकांवरचे वाटते. भूतप तारकासमूहातली एनजीसी ५५४८ घ्या. तबकडीचा प्रकाश वाढला की काही दिवसांनी भोवतालच्या ढगांमधून येणाऱ्या रुंद वर्णरेषाही उजळतात, कारण ढगांपर्यंत प्रकाश पोहोचायला तेवढा वेळ लागतो. हा उशीर मोजला की ढग किती दूर आहेत ते कळते. रेषेच्या रुंदीवरून त्यांचा वेग कळतो. अंतर आणि वेग हाती आले की केप्लर-न्यूटनच्या नियमांनी मधल्या कृष्णविवराचे वस्तुमान निघते. १९८२ मध्ये रॉजर ब्लँडफर्ड आणि क्रिस्टोफर मकी यांनी या पद्धतीची गणिती चौकट पक्की केली. तिचे इंग्रजी नाव प्रतिध्वनीवरून पडले आहे.

कागदावर सोपे, आकाशात महाकठीण. आठवड्याचा उशीर मोजायचा तर दर दोन-चार दिवसांनी वेध हवा, आणि तो महिनोन्‌महिने हवा. एवढा वेळ एका माणसाला कुठलीच दुर्बीण देत नाही. म्हणून १९८८ च्या डिसेंबरात अनेक देशांतल्या निरीक्षकांनी मोट बांधली: आययूई हा जंबुपार उपग्रह दर चार दिवसांनी एनजीसी ५५४८ कडे पाहणार आणि जमिनीवरच्या दुर्बिणी सोबत करणार. आठ महिन्यांत चित्र स्पष्ट झाले. हायड्रोजनच्या एका रेषेला सुमारे वीस दिवसांचा उशीर होता, तर अधिक ऊर्जा लागणाऱ्या रेषांना त्याहून बराच कमी, म्हणजे त्या केंद्राच्या अधिक जवळून येत होत्या. पुढे वर्षानुवर्षे नोंदी चालू राहिल्या आणि हा उशीरही कायम नसल्याचे दिसले. केंद्र तेजस्वी असते तेव्हा तो लांबतो, मंद असते तेव्हा आखडतो. विवराचे वस्तुमान आले साधारण सहा-सात कोटी सूर्यांइतके. ढगांची मांडणी नेमकी ठाऊक नसल्याने या आकड्याला दुप्पट-तिप्पट इकडेतिकडे जाण्याची मुभा द्यावी लागते. वर्तमानपत्रांत असे आकडे ठामपणे छापले जातात तेव्हा ही मुभा गळून पडते.

२०१४ मध्ये याच दीर्घिकेकडे हबल दुर्बिणीने सुमारे सहा महिने जवळजवळ रोज पाहिले. इतकी भरगच्च नोंद पूर्वी कधीच झाली नव्हती. तिने दोन गोष्टी उघड्या पाडल्या. एक, तबकडी शाकुरा-सुन्याएव यांच्या १९७३ च्या प्रमाण सिद्धान्तात बसते त्यापेक्षा जवळजवळ तिप्पट मोठी दिसत होती. दुसरी गोष्ट अधिक धक्कादायक. मोहिमेच्या मध्यावर साठ-सत्तर दिवस वर्णरेषांनी केंद्राच्या प्रकाशाला प्रतिसाद देणेच थांबवले, आणि मग जणू काही झालेच नाही अशा त्या पुन्हा जोडल्या गेल्या. मध्ये वायूचा एखादा पडदा आला असावा, असे बहुतेकांचे मत आहे. माझ्या मनात वेगळाच विचार येतो. दर पंधरवड्याला एक वेध घेणाऱ्या जुन्या मोहिमांत हे घडले असते तर कुणालाही कळले नसते. चार-पाच बिंदू आलेखाबाहेर पडलेले दिसले असते आणि त्यांना वाईट हवामानाच्या खात्यावर टाकले गेले असते.

नोंदीत खंड पडला की काय होते, याचा धडा सप्तर्षीतल्या जुळ्या क्वेसाराने दिला. १९७९ मध्ये सापडलेल्या या जोडीत क्वेसार एकच आहे. वाटेतल्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने त्याच्या प्रकाशाच्या दोन वाटा केल्या आहेत. एक वाट लांबची, त्यामुळे एका प्रतिमेत घडलेला बदल दुसरीत काही काळाने दिसणार. तो काळ किती? वर्षानुवर्षे दोन तट होते: एक सुमारे ४१५ दिवस म्हणणारा, दुसरा सुमारे ५३६. दरवर्षी ठरावीक महिने हा क्वेसार नीट पाहता येत नसे, त्यामुळे एका प्रतिमेच्या बिंदूंसमोर नेमकी दुसरीची रिकामी जागा येई आणि दोन्ही आकडे जुळवून दाखवता येत. डिसेंबर १९९४ मध्ये आघाडीच्या प्रतिमेचे तेज एकाएकी घसरले. टोमिस्लाव्ह कुंडिच आणि सहकाऱ्यांनी जाहीर करून टाकले, की उशीर लहान असेल तर दुसरी प्रतिमा १९९६ च्या फेब्रुवारीत अशीच घसरेल. ती घसरली. आकडा ठरला ४१७ दिवस, आणि त्यावरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग काढण्याचा एक स्वतंत्र मार्ग खुला झाला.

रिकाम्या जागांचा दुसरा धोका अधिक लबाड आहे. त्यांत माणसाचे मन ताल भरते. बहुतेक क्वेसारांचे तेज यादृच्छिक रीतीने भटकते: आजचे तेज कालच्या जवळपास असते, पण वर्षा-दोन वर्षांनी ते कुठे असेल याचा नेम नसतो. अशा भटकंतीचा एखादा तुकडा पाहिला की तो हुबेहूब लाटेसारखा भासू शकतो. २०१५ मध्ये कॅटालिना सर्वेक्षणातल्या सुमारे अडीच लाख क्वेसारांतून नियमित आवर्तनाचे शंभरावर उमेदवार निवडले गेले. त्यांतल्या ‘पीजी १३०२-१०२’ चे सव्वापाच वर्षांचे आवर्तन विशेष गाजले, कारण त्यात एकमेकांभोवती फिरणारी दोन कृष्णविवरे असावीत असे म्हटले गेले. नोंद होती नऊ वर्षांची; पुरत्या दोन फेऱ्याही नव्हत्या. सायमन व्हॉन आणि सहकाऱ्यांनी पुढच्याच वर्षी दाखवले, की निव्वळ यादृच्छिक भटकंतीतूनही इतक्या मोठ्या संख्येत असे ‘आवर्ती’ क्वेसार निघणारच. पाच-सहा फेऱ्या दिसल्याशिवाय आवर्तन म्हणू नये, हा माझा स्वतःचा कडक नियम. तो लावला तर एका माणसाच्या नोकरीच्या काळात क्वचितच एखादे आवर्तन सिद्ध होईल, याची मला कल्पना आहे.

कर्क राशीतल्या ‘ओजे २८७’ कडे या नियमाने पाहिले तर तो उत्तीर्ण होतो, निदान होण्याच्या बेतात असतो. त्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून आहेत आणि त्यांत सुमारे बारा वर्षांनी जोडीने येणारे भडके दिसतात. फिनलंडचे माउरी वाल्टोनेन आणि सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की १,८०० कोटी सूर्यांइतक्या कृष्णविवराभोवती एक लहान कृष्णविवर फिरते आणि प्रत्येक फेरीत मोठ्याची तबकडी दोनदा भेदते. या प्रतिमानाचे सूक्ष्म गणित मांडण्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे अचंवीडु गोपकुमार आणि लंकेश्वर डे यांचा मोठा हात आहे. त्यांनी २०१९ च्या जुलैअखेरच्या भडक्याची वेळ आधीच काढून ठेवली होती. ओजे २८७ तेव्हा सूर्याच्या इतका जवळ होता की पृथ्वीवरून पाहणे शक्य नव्हते. वेगळ्या कक्षेत असलेल्या स्पिट्झर दुर्बिणीने पाहिले आणि ३१ जुलैला भडका भाकितापासून चार तासांच्या आत आला. मग २०२२ चा भडका अपेक्षित होता. स्टेफनी कोमोसा यांच्या गटाने त्या वर्षी ऑक्टोबरात सतत लक्ष ठेवले आणि त्यांना तो दिसला नाही. त्यांच्या मते मोठ्या विवराचे वस्तुमान दहा कोटी सूर्यांच्या आसपासच असावे. प्रतिमानाच्या बाजूचे म्हणतात, भडका थोडा आधी, सूर्यसान्निध्याच्या महिन्यांत येऊन गेला. पुन्हा एकदा सगळा वाद न पाहिलेल्या आठवड्यांवर येऊन ठेपला आहे.

या खंडांवर उपाय म्हणून भारताचे रेखांश मोलाचे आहेत. जपान-ऑस्ट्रेलियात उजाडले आणि युरोपात अजून अंधारायचे आहे, तेव्हा आपल्याकडे रात्र असते. एकाच रात्रीत होणाऱ्या लहान तेजबदलांवर नैनितालच्या १०४ सेंटिमीटर दुर्बिणीतून झालेले काम जगभर उद्धृत होते. पुण्याच्या रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे गोपाल-कृष्ण, रामसागर आणि अमेरिकेतले पॉल वीटा यांनी १९९० च्या दशकात ते सुरू केले. तासन्‌तास एकाच चौकटीतल्या ताऱ्यांशी क्वेसाराची तुलना करून त्यांच्या गटाने दाखवले, की रेडिओत शांत असणारे क्वेसारही एका रात्रीत थोडेसे हलतात, मात्र ब्लेझारांच्या तुलनेत फारच कमी. हे मोजमाप नाजूक असते. हवा अस्थिर झाली की ताऱ्याची प्रतिमा फुगते, मोजणीच्या वर्तुळात यजमान दीर्घिकेचा प्रकाश कमी-जास्त शिरतो आणि केंद्र बदलल्याचा आभास होतो. आता लडाखमध्ये हानले इथे दोन मीटरची हिमालयीन चंद्र दुर्बीण, आयआयटी मुंबईच्या सहभागाने चालणारी ‘ग्रोथ-इंडिया’ आणि भाभा अणुसंशोधन केंद्राची २१ मीटर व्यासाची ‘मेस’ ही गॅमा दुर्बीण आहे. तिथे मोसमी पावसाचा त्रास बराच कमी. पुण्याच्या उत्तरेला गिरवलीत असलेल्या आयुकाच्या दुर्बिणीला मात्र दरवर्षी पावसाळ्यापुढे मिटून बसावे लागते.

चिलीमधल्या व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. ८.४ मीटरचा आरसा, दक्षिण आकाशाचा दर काही रात्रींनी फेरा, दहा वर्षांचा कार्यक्रम आणि एका रात्रीत बदलांच्या एक कोटीपर्यंत सूचना. कोट्यवधी सक्रिय केंद्रांचे तेजोलेख त्यातून हाती येतील. आजवर अपवादाने सापडलेल्या, काही वर्षांत रुंद रेषा गमावणाऱ्या किंवा नव्याने मिळवणाऱ्या दीर्घिका मग घाऊक दिसतील. हा बदल प्रमाण सिद्धान्तानुसार हजारो वर्षे घेईल असे मानले जाई, आणि तो दशकभरात का होतो हे अजून कुणालाच नीट सांगता आलेले नाही. पण दहा वर्षे म्हणजे फार नव्हेत. तेजाच्या भटकंतीचा काळ तीन वर्षांचा असेल तर तो विश्वासाने ठरवायला तीसेक वर्षांची नोंद लागते. म्हणूनच हार्वर्डच्या लाखो काचपट्ट्या अंकीय रूपात आणण्याचा खटाटोप झाला. त्या संग्रहातही १९५० च्या दशकापासून सुमारे पंधरा वर्षांचे खिंडार आहे. तेव्हाचे संचालक डोनाल्ड मेंझेल यांनी काटकसर म्हणून पट्ट्या घेणे थांबवले होते. क्वेसारांचा शोध लागला तो याच वर्षांत.

रुबिनची आणखी एक अडचण पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात आहे आणि ती मुद्दाम इथे सांगतो. तिचा कॅमेरा इतका संवेदनशील आहे की सुमारे सोळाव्या प्रतीहून तेजस्वी वस्तू त्यात भरून वाहू लागतात आणि त्यांचे माप घेता येत नाही. तेराव्या प्रतीचा ३सी २७३ तिच्या कामाचा नाही. तो छोट्या दुर्बिणींकडेच राहणार. महाराष्ट्रातून तो फेब्रुवारी ते मे या महिन्यांत कन्या राशीत सोयीच्या उंचीवर असतो. नंतर पाऊस आणि पाठोपाठ सूर्यसान्निध्य, म्हणजे डिसेंबरपर्यंत खंड. आठ इंची दुर्बीण, साधा खगोलीय कॅमेरा आणि शहरापासून दूरची गच्ची असेल तर त्याची प्रत मोजता येते. तुलनेच्या ताऱ्यांचे नकाशे रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकन संघटना मोफत देते आणि हौशी निरीक्षकांची मोजमापे स्वीकारतेही. तारीख आणि वेळ जागतिक वेळेत लिहावी, गाळणी कोणती वापरली ते नोंदवावे, आणि ज्या रात्री ढग होते त्या रात्रीही वहीत लिहाव्यात.